तोंड माझं, आवाज तिचा

आमच्या रत्नागिरीत माणसाला डोक्यावर घेतात ते नंतर आपटायला सोयीचं पडावं म्हणून, असं माझे वडील म्हणायचे. मला डोक्यावर घेतलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मांडवीच्या जेटीवर सिनेमाचं शूटिंग आलं होतं. त्या भूमिकेसाठी मुंबईहून यायची होती ती मुलगी गोवराने आडवी झाली आणि आयत्या वेळी शाळेतून मला उचललं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि कुणी नुसते डोळे वटारले तरी येणारं रडू. एवढ्या भांडवलावर मी बालनटी झाले.

सिनेमात मला मेलेल्या आईची वाट बघायची होती. शेवटी कडी काढून म्हणायचं, "आई, मी दार उघडं ठेवलंय." मी ते आमच्या पद्धतीने म्हटलं, हेल काढून, शेवटचा शब्द जरा लांबवत. युनिटमधले लोक एकमेकांकडे बघून हसले. दिग्दर्शकाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "छान. तू फक्त तोंड नीट हलव."

त्याचा अर्थ सिनेमा लागल्यावर कळला. वडील कचेरीत कारकून, त्यांनी अर्धी रजा टाकली. मालगुंडहून आत्या एसटीने आली. पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि आवाज भलत्याच मुलीचा आला. स्वच्छ, गोड, पुस्तकातल्यासारखा. मी दचकून मागे वळून पाहिलं. वाटलं, मागच्या रांगेतलं कुणीतरी बोललं.

"बाबा, ही मी नाही बोलत," मी म्हटलं.

"गप बस गो. लोक बघतायत."

आत्या डोळे पुसत म्हणाली, "किती गोड बोललीस! घरी तर कावळ्यासारखी कोकलत असत्येस."

मग गावभर सुरू झालं. वाण्याकडे, देवळात, एसटी स्टँडवर, जो भेटेल तो म्हणायचा, "म्हण गो ते वाक्य." मी म्हणायचे आणि समोरच्याचं तोंड उतरायचं. "तसं नाही. सिनेमात म्हटलंस तसं." शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते वाक्य म्हणायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापकांनीही तेच बजावलं. थिएटरचा दरवान वडिलांच्या ओळखीचा होता. मी रोज शाळा सुटल्यावर शेवटच्या दहा मिनिटांसाठी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहायचे आणि त्या मुलीचं बोलणं ऐकायचे. ती कुठे श्वास घेते, कुठे थांबते, ते घरी येऊन आरशासमोर घोकायचे. गॅदरिंगच्या दिवशी मी वाक्य हुबेहूब म्हटलं. टाळ्या थांबेनात. त्यानंतर मी साधी भाजी वाढायला सांगितली तरी त्याच आवाजात सांगायला लागले, आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. त्या मुलीला मी आयुष्यात कधी भेटले नाही. तिचा आवाज मात्र घरजावयासारखा येऊन बसला तो बसला.

पुढची कारकीर्द चार ओळींत सांगता येते. गिरगावात मावशीकडे राहून आणखी दोन सिनेमे केले. तेराव्या वर्षी अंगाने वाढले, नवे दात पुढे आले आणि निर्मात्यांच्या कचेरीत मला कुणी ओळखेना. पण आवाज तसाच राहिला होता, बारीक आणि स्वच्छ. "तोंड नको, आवाज द्या," एकाने तोंडावरच सांगितलं. म्हणून मी डबिंग करायला लागले. जाहिरातीतली मुलं, कार्टूनमधले ससे, सिनेमातल्या अनाथ पोरी. पंचविशी उलटली तरी मी आठ वर्षांचीच होते. लग्न झालं नाही, याला त्याचा काही संबंध नसावा, पण बघायला आलेला एक जण म्हणाला होता की हिच्याशी बोलताना भाचीशी बोलल्यासारखं वाटतं.

१९९८ साली आई गेली. वडील एकटे, गुडघ्यांनी बेजार. मी सामान बांधलं आणि नव्या कोऱ्या रेल्वेने घरी आले. दारातून हाक मारली तर आतून आवाज आला, "कोण बोलतंय? तू की टीव्ही?"

मी हसले, पण ते लागलंच. मी ठरवलं, आपलं बोलणं परत आणायचं. मासेवालीशी, रिक्षावाल्याशी हेल काढून बोलायला लागले. चार दिवसांनी मासेवाली म्हणाली, "ताई, नक्कल चांगली करता हो आमची." त्यानंतर तो नाद सोडला. माझं गेलं ते गेलं. पण माझ्याऐवजी दुसरी एखादी इथली मुलगी पडद्यावर तिच्या स्वतःच्या आवाजात बोलेल, रडेल, आणि लोक ते कान देऊन ऐकतील, एवढं तरी करावं, असं डोक्यात बसलं. मी दिग्दर्शक झाले ती एवढ्यासाठी. कलेबिलेची मला फार समज होती असं नाही.

तीनचार वर्षं गेली. तेव्हा व्हीसीडीवरच्या छोट्या सिनेमांचं पेव फुटलं होतं. आमच्या ओळखीचे एक आंबा बागायतदार होते, त्यांना आपलं नाव पडद्यावर बघायची हौस होती. कॅमेरामन म्हणून लग्नाची शूटिंगं करणारा गावातलाच एक जण मिळाला. सवयीने तो प्रत्येक प्रसंगात आधी फुलांवर कॅमेरा नेऊन मग माणसावर आणायचा. ती खोड मोडायला मला आठवडा लागला. पण त्याच्याकडे चांगला माइक होता, आणि मला तेवढंच हवं होतं. आवाज जागेवरच घ्यायचा होता.

मुलगी मिळाली मंडणगडच्या आतल्या एका वाडीत. नऊ वर्षांची. बापूस गिरणी बंद पडल्यावर मुंबईला मिळेल ते काम करणारा, आई भातशेती आणि दोन म्हशी बघणारी. गोष्ट तिच्या घरची म्हणावी अशीच होती: मुंबईला गेलेल्या बापाचं पत्र येत नाही, आणि मुलगी रोज सड्यावरून, त्या उघड्याबोडक्या कातळावरून, पोस्टमनमागे धावते. तिला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं होतं, "आज तरी हाय काय वो?" पहिल्यांदा हसत, मग चिडून, आणि शेवटी पत्र नसणार हे ठाऊक असताना. तिचा तो शेवटचा "वो" घाटातल्या वळणासारखा वर चढत जायचा आणि मध्येच दिसेनासा व्हायचा. शेवटच्या वेळी ती म्हणाली तेव्हा कॅमेरामनने डोळे पुसले, आणि फुलांचं नावही काढलं नाही.

मुलगी बावळट नव्हती. युनिटमधली रत्नागिरीची पोरं तिच्या बोलण्याला हसतात, हे तिला दिसत होतं. आंजर्ल्याला शूटिंग होतं त्या दिवशी कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसून तिने मला विचारलं, "ताई, शिनेमात माजाच आवाज ऱ्हाईल ना?"

"तुझाच राहील."

"गनपतीच्या समोर बोलताय."

"गणपतीसमोरच बोलत्ये," मी म्हटलं. ते बोलले तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पुढे सिनेमा घेऊन मुंबईला सीडी काढणाऱ्या एका कंपनीत गेले. तिथल्या माणसाने अर्धाच पाहिला. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. म्हणाला, "बाई, काम उत्तम. पण ही भाषा चालायची नाही. गडी असं बोलला तर लोक हसतात, ते ठीक. पण नायिका असं बोलून रडायला लागली तर रडायच्या जागी हसतील. सगळा डब करून आणा, लगेच घेतो." मी पाच ठिकाणी फिरले. बाकीच्यांनी चहाही पाजला नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. आवाज ठेवावा तर सिनेमा कपाटात पडणार, आणि सिनेमा दाखवावा तर आवाज ठेवता येत नाही. बागायतदार रोज विचारत होते. मुलीच्या बापाने मुंबईत खोलीवरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी वडिलांना विचारलं. ते गुडघे चोळत होते. हात न थांबवता म्हणाले, "तेव्हा मी तुला गप बस म्हटलं होतं. आज नाही म्हणत. तुझं तू ठरव."

त्यांनी नको म्हणायला हवं होतं, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं. पण ते ऐंशीच्या घरातले, आणि मी चाळिशीच्या. दोष त्यांच्यावर टाकणं हा निव्वळ पळपुटेपणा आहे. ठरवलं मी.

डबिंगला दुसरी मुलगी शोधायची गरजच नव्हती. काचेच्या त्या खोलीत मी कानाला हेडफोन लावून उभी राहिले. समोर पडद्यावर तिचे ओठ "हाय" म्हणत होते आणि मी त्यात "आहे" बसवत होते. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, एका दिवसात उरकलं. शेवटचं "आज तरी आहे का हो?" झालं तेव्हा रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडून म्हणाला, "वा ताई, काय रडलात!" आणि मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं स्वतःचं काम होतं आणि कुणी वा म्हणत होतं. बाहेर येऊन मी उसाचा रस प्याले, आणि मग ग्लास हातात असतानाच आंजर्ल्याच्या त्या पायऱ्या आठवल्या.

मुलीला आधी सांगायचा धीर झाला नाही. गणपतीत वाडीतले सगळे चाकरमानी आलेले असताना भर दुपारी त्यांच्या ओटीवर टीव्ही लावून सीडी घातली. पन्नासएक माणसं दाटीवाटीने बसलेली, मुलगी पुढे नव्या फ्रॉकमध्ये. तिचं तोंड उघडलं आणि माझा आवाज आला. ती टीव्हीकडे बघायची थांबली आणि मागे वळली. मी कुठे बसले आहे ते तिला ठाऊक होतं, तरी तिने आधी सगळ्या माणसांवरून नजर फिरवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तिची आई हळूच म्हणाली, "आमची पोर कुटं बोलतंय हितं?" तर बापूसच तिच्यावर खेकसला, "गप ऱ्हा. कसा शुद्ध बोलतंय बघ. साळंतल्या बाईवानी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पाटोळ्या वाढल्या, त्या मी एकामागून एक खाल्ल्या.

तो सिनेमा फार कुणी पाहिला नाही. जत्रेत, स्टँडवर थोड्या सीड्या खपल्या, मग ते व्हीसीडीचं वेडच ओसरलं. माझी दिग्दर्शनाची कारकीर्द तिथेच आटोपली. पुढच्या वर्षी वडील गेले. आवाज ठेवला असता तरीही फार कुणी पाहिला नसता, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. निदान दिलेला शब्द तरी राहिला असता.

२००९च्या पावसाळ्याअखेर दुपारी दार वाजलं. अकरावीतली एक उंच मुलगी उभी होती, हातात पिशवी आणि कसलासा चषक. "ताई, ओळखलंत का मला?"

चेहरा ओळखायच्या आधी मला आवाज ओळखू आला. तो माझा होता. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं तेच. ती रत्नागिरीला वक्तृत्व स्पर्धेला आली होती आणि पहिली आली होती. परीक्षकांनी उच्चारांची खास स्तुती केली म्हणे. मी तिला आत बसवलं. ती आपणहून सांगत होती, "सगळे ते वाक्य म्हणायला लावायचे ना. मग मी सीडी लावून लावून शिकले. तुमचे उपकार आहेत, ताई." रागाने म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती मनापासून म्हणाली.

मी चहा टाकला. कप तिच्या पुढ्यात ठेवताना न राहवून म्हटलं, "तुमच्या वाडीतलं काहीतरी बोल ना. तेव्हा बोलायचीस तसं."

तिने प्रयत्न केला. दोन शब्द बोलली आणि हसून मान हलवली. "नाही हो जमत आता. नक्कल केल्यासारखं वाटतं."

मग तिला आठवलं की पोचल्याचं घरी कळवायचं राहिलं. आईकडे आता मोबाइल होता. तिने माझ्या फोनवरून नंबर फिरवला. "आई, मी बोलतेय."

तिची आई शेतातून बोलणाऱ्यांसारखी मोठ्याने बोलत होती, मला सगळं ऐकू येत होतं. "कोन वो? कोन पायजे तुमाला?"

"अगं आई, मी."

"कोनाची आई? बाई, राँग नंबर लागलाय." फोन बंद झाला.

मुलगी हसायला लागली. "फोनवर नेहमी असंच करते ती. कळतच नाही तिला. मग दादाच्या हातात द्यायला सांगावं लागतं." तिने पुन्हा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा ना, ताई. तुमचं ऐकेल."

मी घसा साफ केला. "अहो, तुमची मुलगी इथे माझ्याकडे..."

"परत तुमीच?" पलीकडून ती वैतागून म्हणाली. "सांगितला ना बाई, माजी पोर घरात नाय. रत्नागिरीला गेलीय ती."

मी रिसीव्हर तसाच कानाशी धरून उभी राहिले. ती माझ्या शेजारीच बसली होती आणि चहात बिस्किट बुडवून खात होती.