अंबड रोडवरचं माहेर

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कुत्रीच्या पोटात होते. वाचून कुणाला कसंसं होईल, होऊ द्या. माझा धंदाच तो आहे. मी जनावरांची डॉक्टर. अंबडच्या अलीकडे, जालना-अंबड रोडला लागून आमचं एक पत्र्याचं शेड आहे. गाडीखाली सापडलेली, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेली कुत्री-मांजरं तिथं राहतात, आणि त्याच शेडच्या एका बाजूला आम्ही गावोगावच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करतो, औषधापुरता खर्चा घेऊन. तर फोन वाजला, आमचा मदतनीस शेषराव याने तो माझ्या कानाला धरला, आणि नवरा म्हणाला, "आई गेली. जेवून पडली होती, उठलीच नाही." मी म्हणाले, टाके घालते आणि येते. त्याला ते तुटक वाटलं असणार... पण उघडं पोट टाकून कुठं जाणार? आणि खरं सांगते, मी मधूनच उठून आलेलं आत्याबाईंनी खपवून घेतलं नसतं. आधी तिचं बघ, मी कुठं पळून चालले, असं म्हणाल्या असत्या. हात बराबर चालत होते, डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये जिरत होतं. त्या दिवशीचे टाके माझ्या आयुष्यातले सगळ्यात सरळ टाके असावेत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचं माहेर वाटूरकडचं, मेंढपाळांचं. लहानपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं, त्यामुळं कुत्रं त्यांना परकं नव्हतं. पण माझं काम मात्र त्यांना अजिबात पटत नसे. "सूनबाई, मुक्या जिवाचं पोट बंद करायचं, ही कुठली डॉक्टरकी? वंश तोडल्याचं पाप लागंल," असं त्या मला तोंडावर म्हणायच्या, आणि शेडवरून आले की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. मीही काही गरीब गाय नव्हे. पाप माझ्या नावावर लिहा, पिल्लं तुम्ही सांभाळा, म्हणायचे. दोघी तिखट, मधे बिचारा नवरा. तो कॉलेजात मराठी शिकवतो आणि घरात गप्प बसतो.

त्यांचं मन फिरलं ते आमच्या गल्लीतल्या एका पांढऱ्या कुत्रीपायी. ती सारखी व्यायची, आणि पिल्लं रांगायला लागली की रस्त्यावर यायची. एक पिल्लू ट्रॅक्टरखाली गेलं, एक टमटमखाली, बाकीची कशानं गेली देव जाणे. ती कुत्री रस्त्याच्या कडेला जाऊन हुंगायची, परत यायची, पुन्हा जायची. आत्याबाई दारात बसून हे सगळं बघायच्या. एका सकाळी भाकरीची लालूच दाखवून त्यांनी तिला घरात घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, हिचं पोट थांबव. जिंकल्यावर गप्प बसावं, एवढी अक्कल मला तोवर आली होती.

त्यानंतर बाईंनी शेडचा ताबाच घेतला. आमची खरी अडचण औषधाची नव्हती, लोकांची होती. कुत्री आणायलाच कुणी तयार नसे. ऑपरेशन म्हटलं की माणसं बिचकायची. पोट कापलं की कुत्री राखण करत न्हाई, सुस्तावते, घराला तळतळाट लागतो, एक ना दोन. मी वस्त्यांवर जाऊन तासनतास समजावून सांगायचे, माणसं माना डोलवायची, चहा पाजायची आणि कुत्री काही धाडायची नाहीत. एकदा आत्याबाई माझ्याबरोबर आल्या. माझं भाषण निम्म्यावर तोडून त्यांनी तिथल्या बायांना विचारलं, तुमी बाळंतपणाला माहेरी गेल्ता का न्हाई? चार दिवस हातावर घास मिळाला का न्हाई? मंग ह्या कुत्रीनं काय घोडं मारलं? तिला बी माहेरी धाडा. चार दिवस माझ्याकडं राहील, आराम करील, आणि पुन्हा बाळंतपण म्हणून तिच्या मागं लागणार न्हाई. बाया हसल्या. आणि त्याच आठवड्यात त्या वस्तीवरून टेम्पोत बसून कुत्र्या आल्या... माहेरपणाला!

आत्याबाईंना लेक नव्हती. एकुलता मुलगा, तोही गप्प बसणारा. लेकीची हौस त्यांनी या कुत्र्यांवर फेडून घेतली. ऑपरेशन झालं की गोणपाटाची ऊबदार गादी, दूध-भाकरीचा काला, आणि जाताना कपाळावर हळदी-कुंकू. ज्यांना औषधाचा खर्चा परवडत नसे ते ज्वारी आणायचे, तिच्याच भाकरी शेडवरच्या बेवारस कुत्र्यांना मिळायच्या. बोके आणि कुत्रे यायला लागले तेव्हा त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न पडला. आत्याबाई म्हणाल्या, जावई म्हणा. जावयाचा असा पाहुणचार सबंध जिल्ह्यात कुणी केला नसेल! शेषराव तर हसून हसून खाली बसला.

कुंकवावरून एकदा वाजलं. आत्याबाई विधवा. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, तेव्हापासून त्यांना कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नव्हतं, लग्नातही त्या मागच्या खोलीत बसायच्या. राजूरची एक म्हातारी आपली कुत्री न्यायला आली होती. आत्याबाईंचं बोट कुंकवात बघून ती म्हणाली, द्वारके, तू कसं काय लावती? आत्याबाईंनी बोट थांबवलं नाही. "कुत्रीनं इचारलं का?" म्हणाल्या. "न्हाई ना? मंग तू कामून इचारून राह्यली?" आपल्याला आजवर काय बोचलं ते आत्याबाईंनी मला कधी सांगितलं नाही. पण कुंकू लावताना त्यांचा चेहरा मी बघितलाय, आणि तो चेहरा मी घरातल्या कुठल्याच सणाला बघितला नव्हता. त्या दिवशी मला त्यांच्यावर फार माया आली. दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती, मग मी त्यांना चहा करून दिला.

आता अवघड भाग. वाटूरजवळच्या वस्तीवर कौसाबाई म्हणून एक बाई आहे, मेंढरं राखणारं घर. तिची वाघी नावाची कुत्री, चांगली उंच, पिंगट, वाघरापाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, कुणाला फिरकू न देणारी. कौसाबाईनं तिला सकाळच्या जीपनं आणलं. भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, काही खायला घातलं नाही ना? ती न्हाई म्हणाली. भूल दिल्यावर वाघीला उलटी झाली आणि ती श्वासात गेली. उलटीत पुरण होतं. पिवळंधमक पुरण... लेक माहेरी निघाली, तिला उपाशी कशी धाडायची, म्हणून कौसाबाईनं पहाटे उठून पोळी केली होती आणि तुपाशी चारली होती. आणि खाल्लंय म्हटलं तर डॉक्टरीण परत पाठवील, पुन्हा एवढ्या लांब यावं लागेल, म्हणून खोटं बोलली. आम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी वाघी गेली.

माझं डोकं फिरलं. खोटं कामून बोलली ही बाई, एका शब्दापायी जीव गेला, असं मी शेडभर ओरडत होते. आत्याबाईंनी मला हात धरून खाली बसवलं. "तिला कशाला बोलती? माहेर माहेर कोण म्हणत व्हतं? मीच ना? उपाशी लेकीला माहेराला कोण धाडतं सूनबाई?" एवढं बोलून त्यांनी स्वतःचं एक धुतलेलं लुगडं काढलं, वाघीला त्यात गुंडाळलं आणि शेषरावला जीप सांगायला लावली. मी म्हणाले, आपण फोन करू, तिला नीट समजावून सांगू. त्या म्हणाल्या, लेक गेली तर फोन करत्यात व्हय?

मीही गेले. वस्तीवर माणसं गोळा झाली. आत्याबाई वाघीला मांडीवर घेऊन कौसाबाईच्या अंगणात बसल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमची लेक माझ्या घरी गेली. सूनबाईचा हात चुकला न्हाई, महं बोलणं चुकलं. काय बोलायचं ते मला बोला." कौसाबाईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं वाघीला उचललं आणि पाठ फिरवून आत गेली. परत येताना आत्याबाई जीपमध्ये हमसून हमसून रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं.

वाटूरकडून कुत्री यायची बंद झाली. मी म्हणाले, माहेर-बिहेर सोडा आता, सरळ ऑपरेशन म्हणा. आत्याबाई म्हणाल्या, सोडायचं न्हाई, नीट करायचं. आणि त्यांनी रीतच बदलली. माहेरी यायचं ते आदल्या सांजेला. लेकीसंगं शिदोरी द्यायची, पण पोटात न्हाई, फडक्यात. ते फडकं त्या स्वतः खुंटीला टांगायच्या आणि ऑपरेशननंतर, माझी परवानगी मिळाल्यावरच सोडायच्या. कुत्र्यांपाशी मुक्कामालाही त्याच राहायच्या. सकाळी पोट रिकामंच असणार, याची मला पक्की खात्री. हळूहळू विश्वास परत बसला. भोकरदनकडून, परतूरकडून, पुढं वाटूरकडूनही बाया येऊ लागल्या. कौसाबाई मात्र आली नाही. वाटूरची जीप थांबली की आत्याबाई उठून बघायच्या आणि परत बसायच्या.

त्या गेल्यावर शेड एकदम मुकं झालं. पहिले काही दिवस मी समजू शकत होते, लोक सुतक पाळत असतील. पण तेरावा झाला, त्यानंतरही आठवडा गेला, आणि एकही कुत्री माहेरपणाला आली नाही. बाजाराच्या दिवशी लसीसाठी एरवी ही रांग लागायची, तिथं दोघं-चौघं. शेषराव म्हणाला, येतील बाई, जरा दम धरा. मी त्याच्यावर खेकसले. दम कसला धरायचा? इकडं कुत्र्या व्यायच्या थांबणार होत्या का? मला आतून भीती वाटत होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझी डिग्री भिंतीवर लटकलेली, माझा हात साफ, सगळं खरं. पण माणसं माझ्या डिग्रीपाशी कधी आलीच नव्हती. ती आत्याबाईंकडं यायची. राजूरच्या एका बाईनं तारीख घेऊन ठेवली होती, तिला मी फोन केला. ती म्हणाली, "आई गेली की माहेर संपतंय बाई," आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी ऑपरेशनचं सामान धुऊन, पुसून, कपाटात बंद करून टाकलं. आता हे काम आपल्याच्यानं होत नाही, असं नवऱ्याला सांगायचं ठरवलं होतं.

परवा सांजेला शेड झाडून घेत होते. रस्त्यावर जीप थांबली. एक बाई उतरली, हातात दोरी, दोरीला काळ्या तोंडाची तरणी कुत्री, काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी. जवळ आली तरी मला ओळख पटेना. मग पटली आणि माझ्या हातातला झाडू तसाच राहिला. कौसाबाई.

"उद्याच्याला करायची म्हणून आज आणली," ती म्हणाली. "दुपारधरनं काही घातलं न्हाई. भाकर फडक्यात हे."

मी म्हणाले, कौसाबाई, आत्याबाई गेल्या.

"ठाऊक हे. म्हणून तर आले." तिनं कुत्रीला जवळ ओढलं. "मला लई राग आल्ता. त्यांचा न्हाई... महा मलाच. त्यांनी समद्या वस्तीपुढं चूक आपल्या अंगावर घेतली, अन् पोळी तर म्या चारल्ती. मंग कोणत्या तोंडानं येऊ?"

आम्ही दोघी तिथंच उभ्या. मला रडू येत होतं आणि मी ते दाबलं नाही. रडता रडताच सांगितलं, की लोक यायचे बंद झालेत, आई गेली की माहेर संपतं म्हणतात, आणि मी सगळं सामान कपाटात टाकलंय.

"संपतं की," कौसाबाई म्हणाली. "भावजयीनं दार लावलं तर संपतं. तुमी लावलं का दार?"

भावजय! आत्याबाईंच्या एवढ्या लेकी या शेडमधून नांदायला परत गेल्या, आणि आपण त्यांच्या कोण, हे माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कौसाबाईनं दोरी माझ्या हातात दिली. काळ्या तोंडाची ती पोर नव्या जागेला भ्यालेली, माझ्या चपलेवरच मुतली. एरवी मी केवढ्यानं ओरडले असते. मी शेडचं दार सताड उघडलं, पदरानं डोळे पुसले आणि तिला म्हणाले, "या वन्सं, आत या."