सुमननं निवडलेला राउटर

आधीच सांगतो, भूतखेत, साक्षात्कार, अंगात येणं... यातलं मला काही पटत नाही. मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून आहे, सव्वीस वर्षं झाली. समोर जिवंत माणूस उभा असला तरी त्याच्याकडे हयातीचा दाखला मागणारी आमची जमात! हे लिहितानाही मला सारखं वाटतंय की सोबत पुराव्याचे कागद जोडायला हवेत. माझ्याकडे कागद एकच आहे. तुमच्यातल्या कुणाला त्याचा उलगडा झाला तर कळवा. खरंच कळवा.

आम्ही मूळचे पासलीचे. नोकरीमुळे वेल्ह्यात आलो, बाजाराच्या मागच्या अंगाला घर बांधलं. थोरल्या भावानं शेजारीच बांधलं. दोन घरं, मधली भिंत एक. भिंती दगडी, चांगल्या दोन-दोन फूट जाड. त्यामुळे घरात रेंज फक्त माझ्या सिमला, तीही पुढच्या खोलीत खिडकीपाशी. बायकोला, सुमनला, मुलीशी बोलायचं असलं की मी हॉटस्पॉट चालू करायचा. मी कचेरीत गेलो की घरातलं इंटरनेटही माझ्या खिशातून कचेरीत! यावर मी विनोद करायचो. सुमन हसायची, म्हणून मला तो चांगला विनोद वाटायचा.

सुमन ब्लाउज शिवायची. मशीन स्वयंपाकघरात होतं. आमची एकुलती एक पल्लवी तेव्हा कोल्हापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर बाजारापर्यंत फायबरची लाइन आली. दोन्ही घरांत मिळून एकच कनेक्शन घ्यायचं ठरलं. लाइनवाला दारापर्यंत वायर टाकून गेला आणि म्हणाला, "राउटर तुमचा तुम्ही आणा. भिंती बघून चांगला घ्या."

झालं! चांगला म्हणजे कुठला? कचेरीत साधी खुर्ची घ्यायची तरी आम्ही तीन कोटेशनं मागवतो, तुलनात्मक तक्ता करतो. मी घरीही तेच केलं. फूटपट्टीनं रेघा मारून तक्ता तयार केला. एक बँड की दोन, अँटेना दोन की चार, वॉरंटी किती, एका वेळी किती मोबाईल चालतात... तिसरं कोटेशन मिळेपर्यंत पहिलं मॉडेल बाजारातून गेलेलं असायचं. मग पुन्हा नवा तक्ता. खरं सांगतो, मला त्यात मजा येत होती.

"अवो, कुठलाबी आणा," सुमन म्हणायची. "मला पल्लवीसंगं बोलायचंय."

"रोज बोलतेस की. मी हॉटस्पॉट देत नाही का?"

"तसं न्हाई वो... जरा निवांत बोलायचंय."

"मग मी काय मध्ये मध्ये करतो?"

ती आत जायची आणि मशीन सुरू व्हायचं. मी समजायचो, हिला सिरियली बघायच्या असतील. एवढीच माझी अक्कल.

पुढच्या ज्येष्ठात एक दिवस तिचा हात मशीनवरून उचलेना. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीत गाठ आहे, फार पसरलंय. "सहा महिने आधी का नाही आणलंत?" असं ते म्हणाले तेव्हा मला त्यांचाच राग आला होता. मला माहीत असतं तर आणलं नसतं का? आषाढात सुमन गेली.

तेरावं झालं. पल्लवी आत चहा करत होती. भावाची बायको, आमच्या वहिनी, माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भावजी, सांगू का नगं, कळंना झालंय. गाठ हाय म्हणून तिनं मला दिवाळीनंतरच सांगितलं व्हतं. म्या म्हनलं, भावजींना सांग. तर म्हनाली, आदी पल्लवीला व्हिडिओवर दावते, ती शिकलेली हाय. साधीच निघाली तर ह्यांच्या जिवाला उगं घोर कशाला?"

"मग दाखवली का नाही?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. "कवा दावायची वो? नेट तुमच्या खिशात. तुमी घरी आला की तुमी म्होरं बसलेलं. मग काय एसटी स्टँडवर उभं राहून उघडून दावायची?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पल्लवीनं सगळं ऐकलं होतं.

ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेली. त्यानंतर दर रविवारी एक फोन. "जेवलात का? बरे आहात ना? ठेवते." बायको गेली ती गेली, आता मुलगीही हातची जात होती, आणि तिला काय बोलावं हे मला समजत नव्हतं. दारावर फायबरची वायर गुंडाळून लोंबत होती, ती मी काढूनही टाकली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी तोवर कुणालाही माहीत नव्हती. सुमन गेल्यापासून मला पुढच्या खोलीत झोप लागेना. मी खाट स्वयंपाकघरात नेली. एका बाजूला तिचं मशीन आणि दुसऱ्या बाजूला धान्याची कोठी, मध्ये जेमतेम खाट मावायची. सकाळी उठलो की खाट उचलून परत पुढे आणून ठेवायचो. बाईमाणसासारखा चुलीपाशी झोपतो म्हणून लोक हसतील, अशी लाज वाटायची. पल्लवीलाही सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नाही.

मार्गशीर्षात एक फाइल घेऊन भोरला प्रांत ऑफिसला गेलो होतो. काम दुपारी आटोपलं. एसटीला वेळ होता म्हणून बाजारपेठेतून चाललो होतो, तर एक नवं दुकान दिसलं. दसऱ्याला उघडल्याची पाटी होती. काचेत राउटर मांडलेले. माझे पाय आपोआप आत गेले. सवय, दुसरं काय!

दुकानदार म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक सज्जन गृहस्थ. त्यांची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाला आधी घराचा नकाशा काढायला लावायचा. कुठं भिंत, कुठं दार, आणि घरातलं कोण कुठं बसून मोबाईल वापरणार तिथं एक ठिपका. मग ते राउटर सुचवणार. मला त्यांनी कागद पुढे केला आणि विचारलं, "कुठून आलात?"

"वेल्ह्याहून."

"दगडी भिंती? शेजारी भावाचं घर?" त्यांनी पुढे केलेला कागद मागे घेतला. "मग तुम्हाला काढायची गरज नाही. तुमच्या मिसेस येऊन गेल्या की गेल्या आठवड्यात! म्हणाल्या, हे येतील, पण लगेच घेणार नाहीत, तीन ठिकाणी विचारतील. तुम्हीच का ते?" आणि ते हसले.

मी म्हणालो, तुमची काहीतरी गल्लत होतेय.

"अहो, गल्लत कशी होईल? गळ्यात मापाची टेप तशीच होती त्यांच्या. मी म्हटलंसुद्धा, बाई, टेप काढायची राहिली. तर लाजल्या."

सुमन बाजारात जाताना टेप काढायला नेहमी विसरायची. मी मोबाईलमधला तिचा फोटो काढून दाखवला.

"ह्याच. थांबा, तुमचा बॉक्स मी बाजूला ठेवलाय." त्यांनी कपाटातून बॉक्स काढला. त्याला रबर लावून एक घडी केलेला कागद बांधला होता.

मी कागद उघडला. आमचं घर होतं. पण माणसं काढतात तसा तो नकाशा नव्हता. ब्लाउज कापण्याआधी सुमन वर्तमानपत्रावर जशी आखणी करायची, तशी ती आखणी होती. भिंतीला शिलाईसाठी सोडतात तशी दुहेरी रेघ, दारांना गळ्याचा गोल, खिडक्यांना काजाची आडवी खूण. मापं सगळी इंचात, आणि पाव-अर्ध्यासाठी तिच्या त्या बारीक तिरक्या रेघा. पुढच्या खोलीत काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात एक चौकोन मशीनचा, एक गोल कोठीचा, आणि दोन्हींच्या मधोमध... खाट! खाटेवर एक ठिपका. पलीकडे भावाच्या घरात दोन ठिपके. आणि खाटेच्या उशाला सामाईक भिंतीतल्या कोनाड्यात फुली, राउटर तिथं ठेवायचा म्हणून.

दुकानदारांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? "सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच एका कोटेशनवर खरेदी करतोय," एवढंच म्हणालो, आणि रडू फुटायच्या आत बाहेर पडलो. नसरापूरपर्यंत एसटीत बॉक्स मांडीवर घेऊन बसलो होतो. आमच्या घरात ठिपका एकच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिनं स्वतःसाठी काढलाच नव्हता.

घरी आल्यावर वहिनींच्या हातात कागद दिला. कुठून आला ते सांगितलं नाही.

"हे तर सुमनचं हाय," त्या लगेच म्हणाल्या. मग बोट ठेवलं. "पर हितं खाट कुणाची? भावजी... तुमी सैपाकघरात निजता व्हय?"

मी मान हलवली. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लाइनवाला आला. कोनाडा बघून म्हणाला, इथून दोन्ही घरांत पोचणार नाही, दगड आहे. मी म्हटलं, तू लाव तर. लावला. दोन्ही घरांत कोपऱ्या-कोपऱ्यात नेट मिळालं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लावून खाटेवर बसलो आणि पल्लवीला व्हिडिओ कॉल केला. नकाशाबद्दल सगळं सांगितलं. मग म्हणालो, "तुझी आई तुझ्याशी बोलू शकली नाही ते माझ्यामुळे. मी राउटर निवडत बसलो."

पल्लवी खूप वेळ रडली. मीही. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे?"

"नाही."

"मग खरं सांगा. तुम्हाला काही होतंय का? कुठं दुखतंय का?"

होत होतं. दोन महिने कचेरीचा जिना चढताना छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, डावा हात भरून यायचा. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तर वाटायचं, बरं आहे, लवकर सुटू. त्या दिवशी सांगितलं. पल्लवी रातोरात निघून आली आणि मला पुण्याला घेऊन गेली. नळीत अडथळा होता, तो काढला. डॉक्टर म्हणाले, "नशीब तुमचं, वेळेत आलात." ते वाक्य ऐकून मी तिथंच ढसाढसा रडलो. त्यांना वाटलं, घाबरलो. ते वाक्य सुमनला ऐकायला मिळायला हवं होतं हो.

आता पल्लवी रोज फोन करते आणि अर्धा-अर्धा तास बोलते. पण माझं डोकं अजून चालत नाही. दुकान दसऱ्याला उघडलं, सुमन आषाढातच गेली होती. फोटो दुकानदारांनी ओळखला. खाटेचं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी तपासलं, शेरा मारायला जागा सापडत नाही.

परवा पुन्हा फाइल घेऊन भोरला गेलो होतो. दुकानावरून चाललो तर त्यांनी आतूनच हाक मारली, "काय साहेब, चालतोय ना राउटर? बाईंना स्वयंपाकघरात नीट मिळतंय ना नेट?"

मी रस्त्यात थांबलो. तोंडापर्यंत सगळं आलं होतं.

"हो," म्हणालो. "मिळतंय."