एकट्याचा खर्ज

"काका, माझा हात हलताना दिसतो म्हणे, पण आवाज येत नाही."

निखिल हे म्हणतच दुकानात शिरला. गिटारची बॅग अजून पाठीवरच होती.

"कोण म्हणे?" मी विचारलं.

"बँडवाले. ड्रमर तर म्हणाला, तू मधूनच घरी गेलास तरी आम्हाला कळणार नाही." त्याने बॅग काउंटरवर ठेवली. "रविवारी अजून एकदा बोलावलंय. नाही जमलं तर दुसऱ्या कोणाला तरी घेऊन राहिले ते."

ती गिटार मीच तयार करून दिली होती आणि माझी मलाच फार आवडली होती. कारागिराला स्वतःचं काम इतकं आवडलं की समजावं, कुठेतरी घोटाळा आहे.

राजाजीनगरला एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मी गिटारी दुरुस्त करतो. हल्ली गिऱ्हाईक कमी. तारा ऑनलाइन मिळतात, त्या बसवायचे व्हिडिओ फुकट मिळतात. त्यामुळे बराच वेळ मी ॲम्पवरची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यावरची, धूळ पुसतो. एकच ॲम्प किती वेळा पुसणार, म्हणून मग दुसराही पुसतो.

निखिल पहिल्यांदा आला तेव्हा मी फोनवर अक्काशी, म्हणजे थोरल्या बहिणीशी, बोलत होतो. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, कानडी मुलखातलं. माझी बायको कन्नड. गिऱ्हाइकं कन्नड, हिंदी, इंग्लिश, जे जमेल ते बोलतात. आई गेल्यापासून माझं मराठी बसवनगुडीच्या अक्कापुरतं उरलंय, आणि अक्काला फक्त गुडघ्यांविषयी बोलायचं असतं. फोन ठेवून पाहतो तर हा समोर उभा, डोळे मोठे करून.

"काका, तुम्ही मराठी?"

"स्वल्प," मी कन्नडमध्येच म्हणालो, म्हणजे थोडंसं.

तो जो हसला, तो मग दोन तास बसला. मूळचा नागपूरचा. सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर एकटा राहतो. ऑफिसचं कामही घरूनच. "काका, मी दिवसभरात फक्त लॅपटॉपशी आणि डिलिव्हरीवाल्याशी बोलतो. डिलिव्हरीवाला पण आता 'गेटपाशी ठेवलंय' असा मेसेज टाकतो." माझं मराठी ऐकून त्याला फार मजा वाटत होती. "तुम्ही एकदम जुन्या नाटकातल्यासारखं बोलता." मीही आणखी जुनं बोलायला लागलो. बायकोने वरच्या मजल्यावरच्या घरून चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, पाठवलं. त्याने डबा पुसून खाल्ला.

त्याला गिटार डाउन-ट्यून करून हवी होती. म्हणजे सगळ्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवायच्या. पेटीच्या भाषेत, काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली. त्याच्या आवडीच्या मेटल संगीतात असा दणदणीत खर्ज लागतो. पण तार उतरवली की सैल पडते, वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. म्हणून जाड तारा घालायच्या. जाड तार खाली उतरवली तरी ताठ राहते.

दुसरा प्रश्न पिकअपचा. तारांच्या खाली जी पट्टी दिसते, ती. आत चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ती थरथर हा पिकअप पकडतो आणि ॲम्पला पाठवतो. वेढे जास्त, तर आवाज जास्त. आम्ही त्याला 'हॉट' म्हणतो. पण वेढे वाढले की आवाजाची वरची धार बोथट होते.

"अजून जाड पाहिजे, काका."

"सरी." म्हणजे, बरं.

"पिकअप पण सगळ्यात हॉट."

"सरी, सरी."

एरवी मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो. बायकोच्या मते तेवढंच करतो. पण या मुलाशी वाद घातला तर तो उठून जाईल, ही धास्ती होती. त्याने गिटारला बैलाचा दोर बांधा म्हटलं असतं तरी मी बांधला असता. तेराचा सेट घातला. तेरा हा सगळ्यात बारीक तारेचा नंबर, त्यावरून खालच्या जाड तारेची कल्पना करा. ती बसावी म्हणून नटच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याजवळच्या हाडाच्या पट्टीच्या खाचा कानशीने रुंद केल्या. पिकअप सर्वांत हॉट. दुकानात वाजवली तर खालच्या मजल्यावरचा स्टेशनरीवाला वर बघायला आला.

आणि आता हीच गिटार बँडमध्ये कोणाला ऐकू येत नव्हती.

"घरी कशी वाजवतोस?" मी विचारलं.

"हेडफोन लावून. एकदम भारी वाटते."

"आणि बँडमध्ये बेस कोण वाजवतं?"

"आहे ना एक जण."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. धंद्यातला पहिला प्रश्न असतो, कोणाबरोबर वाजवतोस. चित्रान्नाच्या नादात तो राहून गेला होता.

दुरुस्तीला आलेली एक बेस, म्हणजे खर्जाची गिटार, कोपऱ्यात होती. मी ती दुसऱ्या ॲम्पला लावली. मला बेसवर तीन सूर येतात. "वाजव," मी म्हणालो. त्याने वाजवलं, मी माझे तीन सूर घातले. नुसता लगदा! पिठल्यात पिठलं ओतल्यासारखं. त्याचं कुठलं, माझं कुठलं, काही कळेना.

"बघितलंस? तळाची जागा बेसवाल्याची. तू तिथेच जाऊन बसलायस. तो तुला झाकतो, तू त्याला."

मी त्याच्या ॲम्पचा बेस, म्हणजे खर्ज, निम्म्यावर आणला. "परत."

आता त्याचा प्रत्येक फटका सुटा ऐकू आला. माझे तीन सूरसुद्धा जरा बरे वाटले. मग मी थांबलो आणि त्याला एकट्यालाच वाजवू दिलं.

दोन मिनिटांत त्याचा हात थांबला.

"काका, हे तर ओकंबोकं वाटून राहिलं."

"एकट्याचं ओकंबोकंच वाटायला पाहिजे. उरलेलं दुसरे भरतात."

"घरी कोण भरणार?"

चौदाव्या मजल्यावर याने गिटारमध्येच ड्रम, बेस, सगळा बँड कोंबला होता. एकटा माणूस कोणी बघत नसलं तरी टीव्ही चालू ठेवतो, तसं. मी ॲम्पवरची धूळ पुसली. नव्हतीच.

"तुला घरी वाजवायचंय की रविवारी?"

त्याने गिटार माझ्यापुढे ठेवली. "रविवारी," तो म्हणाला. "पण चांगली करा."

हॉट पिकअप काढला. कमी वेढ्यांचा बसवला, आवाज लहान पण स्वच्छ. तारा बाराच्या सेटवर आणल्या. रुंद केलेल्या खाचांत त्या खडखडायला लागल्या, म्हणून नट नवाच घडवावा लागला. वाद न घालण्याची ही मजुरी. तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा, मी हाड घासायचो, तो नागपुरातल्या उन्हाच्या गोष्टी सांगायचा. नट घडवायला जरा जास्तच दिवस लागले, हे खरं आहे.

रविवारी मी घरी फोन उशाशी घेऊन पडलो होतो. बायको म्हणाली, "मुलीच्या बारावीच्या निकालाला एवढे बेचैन नव्हतात." ती मुलगी आता हैदराबादला असते आणि तिचाही फोन रविवारीच येतो. त्या दिवशी तिला मी "नंतर बोलतो" म्हणालो.

दुपारी निखिलचा व्हॉइस मेसेज आला. "काका, घेतलं! बेसवाला म्हणे, आता तुझं पण ऐकू येतं, माझं पण. आम्ही जेवायला चाललो सगळे." मागे कोणीतरी मोठ्याने हसत होतं, कोणीतरी त्याला कन्नडमध्ये चल चल म्हणत होतं. मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग मुलीला फोन केला. तिने उचलला नाही.

निखिल त्यानंतर आलेला नाही. शनिवार-रविवार तालीम असते, मधल्या दिवसांत ऑफिसचं काम. तारा तो आता ऑनलाइन मागवतो, आणि बसवतो ड्रमर. त्याला येतं म्हणे.

बायको अधूनमधून विचारते, "आ हुडुग बरलिल्वा?" तो मुलगा आला नाही का?

नाही आला. गिटार नीट लागली की तिचा मालक दुकानात फिरकत नाही. धंद्यात याला समाधानी गिऱ्हाईक म्हणतात.