गजभिये मास्तरांची मोजणी

गजभिये मास्तर कुठल्याही वस्तूवर छापलेलं वजन खरं मानत नसत. नालवाडीच्या आमच्या व्यायामशाळेत नव्या लोखंडी प्लेटा आल्या, की ते एकेक प्लेट शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवत. दुकानदार वैतागायचा. "अहो मास्तर, वीस किलो छापलं हाये ना तिच्यावर!" मास्तर काट्यावरची नजर न हलवता म्हणत, "छापनाऱ्यानं उचलून पाह्यली होती काय?" एकदा एक प्लेट खरंच साडेअठरा भरली. मास्तरांना राग आला नाही. उलट त्यांचा चेहरा समाधानी दिसला.

ते शाळेतले मास्तर नव्हते. वर्ध्याच्या कापूस बाजारात त्यांनी उभा जन्म मापारी म्हणून काट्यापाशी काढला होता. कापूस ओला करून आणणारे, काट्याला हळूच पाय लावणारे, असे सगळे नमुने पाहून झाल्यावर त्यांच्याकडे विश्वास फार थोडा उरला होता. तरुणपणी ते स्वतः वजनं उचलत. निवृत्त झाल्यावर विहाराला लागून असलेल्या हॉलमध्ये त्यांनी व्यायामशाळा सुरू केली. हॉल विहार समितीचा, किल्ली मास्तरांकडे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे गेले. विद्यापीठाच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचं होतं. मास्तरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "काऊन आली?"

"ताकद कमवायला."

"कोनाले दाखवाले?"

मी वाकून समोरची प्लेट उचलून पाहिली. म्हणूनच बहुधा त्यांनी मला ठेवून घेतलं.

बाकावर उताणं झोपून चाळीस किलोचा बार छातीवरून वर ढकलायचा, हा माझा रोजचा सराव. सात वेळा तो बिनतक्रार वर जायचा. आठव्याला वीतभर उठून थांबायचा. दुखायचं नाही, दमही लागलेला नसायचा, पण हात जणू दुसऱ्या कुणाचे व्हायचे. मास्तर माझ्या डोक्याशी उभे राहून बाराखाली दोन बोटं धरत. मला संशय येऊ लागला, की हेच बार दाबून धरतात. एक दिवस मी तसं बोलून गेले.

"बरं," ते म्हणाले. बार निसटला तरी माझ्या छातीवर येऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या आणि स्वतः पार भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. आठव्याला बार तिथेच थांबला.

"आता माही पाळी," मास्तर म्हणाले. "सकाळी का खाल्लं?"

"तीन पोळ्या."

"खोटं नोको बोलू."

वजनगटात बसावं म्हणून मी अर्धी पोळी खाऊन आले होते.

"दुसरं आयक. तू म्हनते, अचानक हात गेला. अचानक काई होत नाई, पोरी. पह्यल्या उचलीपासून तुही ताकद कमी होऊन राह्यली. साठची पन्नास, पन्नासची पंचेचाळीस. तुले समजत नाई, काऊन का बार त चाळीसचाच हाये, तो वर जाते. तू एकोनचाळीसची झाली का तो थांबते. मी त तिसऱ्यापासूनच पाहून राह्यलो, कसा सुस्त होत गेला त."

पुढे शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत मी वाचलं, की स्नायूतले काही तंतू थकले की शरीर उरलेल्यांना कामाला लावतं, आणि राखीव कुणी उरलं नाही की भार जिंकतो. मास्तरांनी ते नुसतं बघून ओळखलं होतं. त्यांची परीक्षाही सोपी होती. पाच मिनिटं बसवायचं आणि पुन्हा उचलायला सांगायचं. "आरामानं जे वापस येते ते थकलं होतं. येत नाई ते दुखलं हाये, नाईतर खोटं बोलून राह्यलं."

मी स्पर्धेत तिसरी आले. मास्तरांनी पदक तळहातावर तोलून पाहिलं आणि परत दिलं.

त्याच्या पुढल्या वर्षी मास्तरांमध्ये बदल दिसू लागला. आम्ही संध्याकाळी जमायचो. सुरुवातीला त्यांचं बोलणं ठीक असायचं, पण तासाभराने शब्द ओघळू लागत, आवाज नाकातून येई. डावी पापणी अर्धी मिटलेली दिसे. मुलं एकमेकांना खुणावू लागली. दोन मुलींच्या आयांनी त्यांना पाठवणं बंद केलं. विहार समितीचे सचिव खोब्रागडे साहेब मला रस्त्यात थांबवून हळूच म्हणाले, "करुणा, तू रोज त्यांच्याजवळ राहतेस. वास येते काय?"

"नाही," मी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर गेलेले पाहून मी त्यांच्या स्टीलच्या बाटलीचं झाकण काढलं आणि ती नाकाशी धरली. पाणीच होतं. खरं सांगायचं तर तेवढ्याने माझा संशय गेला नाही. घरूनच घेऊन येत असतील, असं वाटलं.

शेवटी एका संध्याकाळी समिती बसली. विहाराच्या आवारात दारू, हा साधा आरोप नव्हता. मास्तर उठून उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "माह्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली. मी त सुरूच नाई केली." पुढची दोन वाक्यंही नीट आली. पाचव्याला जीभ जड झाली. सहाव्याला काय बोलतात तेच कळेना. कुणीतरी हसलं. आपल्या बचावासाठी उघडलेल्या तोंडानेच त्यांना दोषी ठरवलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मी मागे उभी होते. प्यायलेला माणूस पहिलं वाक्य असं धुतल्यासारखं बोलत नाही. मला त्या वाक्यांमध्ये बार सुस्त होताना दिसला होता.

"मास्तर," मी पुढे होऊन म्हणाले, "पाच मिनिटं बसा. एक शब्द बोलू नका."

सगळे घड्याळाकडे बघत बसले. मग मी म्हटलं, "आता बोला."

"का बोलू?" आवाज खणखणीत होता. "कोनी आयकून राह्यलं काय?"

मी त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावले. विसापर्यंत ठीक, तिसाच्या आसपास आवाज नाकात गेला. पुन्हा बसवलं, पुन्हा परत आला. "दारू पाच मिनिटांत उतरत नाही," मी म्हणाले.

"नाटक त नाई ना हे?" खोब्रागडे साहेबांनी विचारलं. पण दुसऱ्या दिवशी आपली गाडी काढून मास्तरांना मोठ्या दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. मीही सोबत होते.

डॉक्टरांनी मास्तरांना छताकडे एकटक बघायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या. मग तपासण्या झाल्या. नसेचा निरोप स्नायूला पुरेसा पोचत नाही, वापरावा तसा स्नायू थकत जातो, आराम केला की सावरतो, असा तो आजार होता. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मी आळस नाई करून राह्यलो ना, साहेब?"

इतके महिने ते स्वतःवरही संशय घेत होते, हे मला तेव्हा कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. मास्तरांचा त्यांच्यावरही भरवसा नव्हता. गोळीच्या आधी पेपर मोठ्याने वाचायचे, गोळीनंतर तासाभराने पुन्हा वाचायचे आणि जीभ कितव्या ओळीला अडखळली ते समासात लिहून ठेवायचे. खोब्रागडे साहेब किल्ली परत द्यायला गेले, पण मास्तरांनी घेतली नाही. "करुणाले द्या. ते पोरगी नीट पाह्यते." महिन्याभरात त्यांची मुलगी ज्योतीताई त्यांना नागपूरला आपल्या घरी न्यायला आली.

वर्ध्याच्या बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. ज्योतीताई जागा धरायला बसमध्ये चढली, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, मी तुमच्या बाटलीचा वास घेतला होता."

त्यांचा वरचा ओठ विचित्र वर ओढला गेला, दात दिसले. इतका संतापलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी मागे सरले. त्यांनी माझा हात धरला आणि थांबत थांबत म्हणाले, "भेऊ नोको. हासून राह्यलो मी. चेहरा आयकत नाई."