करुणा सिस्टर निघाली आणि आमची सोसायटी तत्त्वाला लागली

सोसायटीचं सेक्रेटरीपद कोणी हौसेने घेत नाही. माझ्या गळ्यात पडलं, कारण निवडीच्या मीटिंगला मी गैरहजर होतो! पण एक आहे, सेक्रेटरीला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते जिन्यात अडवतात, दूध आणताना गाठतात, मीटिंगला तर चहाच्या आधी हजर असतात. त्यात करुणा सिस्टरला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली, आणि ती जाईपर्यंत ते इतके साठले की आता सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची इमारत पुण्यात, कर्वेनगरला. आयटीच्या लाटेत जवळपास प्रत्येक घरातलं एकेक मूल अमेरिका-इंग्लंडला गेलं. मागे उरले आईवडील, मोठाले टीव्ही आणि तक्रारी. तळमजल्यावर, पार्किंगला लागून, करुणा मेश्राम आणि तिची आई लीलाबाई भाड्याने राहायच्या. मूळच्या चंद्रपूरकडच्या. करुणा हिंजवडीच्या एका हॉस्पिटलात नर्स.

*

त्या राहायला आल्या त्याच दिवशी चेअरमन जोगळेकर काका चौकशीला खाली उतरले. काका म्हणजे निवृत्त इंजिनिअर. काकू गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटेच, मुलगा अमेरिकेत.

"आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"अच्छा, अच्छा. आमचं तसं काही नाही हं!"

काही नाही हे सांगायला माणूस तीन मजले उतरून कशाला येतो?

पुढे एका दुपारी काकांची साखर एकदम उतरली. घामाने डबडबले, बोलता येईना. करुणा घरी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून काका सांगत सुटले, "करुणा म्हणजे आमच्या घरच्यासारखी!" बघता बघता ती अख्ख्या इमारतीच्या घरच्यासारखी झाली. ड्यूटीवरून आली की कोणाचं बीपी, कोणाचं इन्सुलिन, कोणाचं ड्रेसिंग. आणि घरच्या माणसाला पैसे विचारायचे नसतात, ही रीत आम्ही सगळ्यांनी कटाक्षाने पाळली.

*

ऑस्ट्रेलियाची बातमी आली तेव्हा काकांनी आधी कॉम्प्युटरवर तिच्या नोकरीचं गाव शोधून काढलं. छोटं गाव, एक हॉस्पिटल, भोवती मैलोन्मैल माळरान आणि मेंढरं.

"ह्याला परदेश म्हणतात?" काका कडाडले. "आपल्या मार्केट यार्डात ह्याहून जास्त हमाल आहेत! जायचं तर माणसाने सिडनीला जावं. खेडंच हवं होतं तर चंद्रपूर काय वाईट होतं?"

काकांचा मुलगा राहतो तिथे घराच्या मागल्या दाराशी मक्याची शेतं लागतात. फोटो त्यांनीच मला दाखवलेत. पण मक्याच्या पुढे सॉफ्टवेअरवाला उभा असला की त्या गावाला खेडं म्हणायचं नसतं.

करुणापुढे एकच प्रश्न होता, आईचा. आईला तिकडे बोलावून घ्यायला वर्षभर तरी लागणार होतं. गावाकडे कोणी उरलेलं नव्हतं. लीलाबाईंना तेवढं वर्ष इथेच राहता आलं तर करुणा जाणार, नाहीतर आलेली नोकरी सोडणार, हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं.

*

ह्या नोकरीच्या फोनवरच्या इंटरव्ह्यूची तयारी दुसऱ्या मजल्यावरच्या अनिकेतने करून घेतली होती. अनिकेत आयटीत. कंपनीच्या बसमध्ये झोपून जातो, झोपून येतो, आणि मधल्या वेळात काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. त्याने करुणाकडून घोकून घेतलं, "आय विल ॲड व्हॅल्यू टू द टीम."

तिकडच्या मेट्रन बाईंनी व्हॅल्यूचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "आमच्याकडे पेशंट लांब लांब राहतात. तासभर एकटीने गाडी चालवत जायची तयारी आहे का?"

करुणा म्हणाली, "मॅडम, मी रोज ट्रॅफिकमधून कर्वेनगरहून हिंजवडीला जाते. स्कूटरवर!"

नोकरी तिथेच पक्की झाली. अनिकेत मात्र अजून सांगतो की त्याच्या कोचिंगमुळे झाली.

*

संध्याकाळी बाकावर काकांनी 'ब्रेन ड्रेन' हा विषय घेतला. "ह्या देशात नर्सेसचा तुटवडा आहे, आणि ह्या मुली पैशासाठी निघाल्या! कर्तव्य म्हणून काही आहे की नाही?" आवाज चढला, हात हलू लागले. तेवढ्यात मोबाइल वाजला. अमेरिकेतून मुलगा. त्याचं ग्रीन कार्ड झालं होतं!

काका वर गेले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले, सगळ्यांना वाटले. मग हात पुसून भाषण राहिलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

*

पहिल्या मजल्यावरच्या दातार वहिनी तर थेट करुणाच्या दारात गेल्या. मुलगी लंडनला, स्वतः एकट्या, शिवाय मागल्या बाजूचा दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला.

"जा गं बाई, आनंदाने जा," वहिनी म्हणाल्या. "फक्त तुझ्या जागी एखादी चांगली सिस्टर देऊन जा. संध्याकाळी सातपर्यंत यायला हवी, आठला माझी सीरियल असते."

मला संताप आला. करुणा नुसती हसली आणि म्हणाली, "वहिनी, हात पुढे करा, बीपी बघते." बीपी वाढलेलं निघालं. वहिनी म्हणाल्या, "तू चाललीस ना, त्या काळजीनेच!"

*

शेवटी लीलाबाईंचा विषय मीटिंगला आला. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. करुणा ड्यूटीवर, त्यामुळे लीलाबाई एकट्याच मागे बसल्या होत्या.

"वैयक्तिक काही नाही," काकांनी सुरुवात केली. "तत्त्वाचा प्रश्न आहे. एकट्या म्हाताऱ्या बाईंना काही झालं तर जबाबदारी कोणाची? मेश्राम बाईंना इथे राहता येणार नाही, असा ठराव मी मांडतो."

"नाव नको हो घालायला," कोणीतरी दबकत म्हणालं. "उगाच जातीचं वगैरे निघायचं."

"बरोबर. मग लिहा, एकट्या वृद्ध भाडेकरूंना राहता येणार नाही."

"भाडेकरू नको!" दातार वहिनी उसळल्या. "माझ्या फ्लॅटला उद्या कोण येईल?"

"ठीक. भाडेकरू खोडा. पण कारण स्पष्ट हवं." काकांनी डोळे मिटले आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "ज्यांची अपत्ये परदेशी आहेत, अशा एकट्या वृद्ध व्यक्तींना या इमारतीत राहता येणार नाही."

माझं पेन क्षणभर थांबलं. पण सेक्रेटरीने तटस्थ असावं! मी लिहून घेतलं आणि उभं राहून खणखणीत वाचून दाखवलं.

"सूचक, जोगळेकर. अनुमोदक कोण?"

दातार वहिनींनी पदर सारखा केला. काका मान वळवून एकेकाकडे बघू लागले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला.

मागून लीलाबाईंनी हात वर केला.

"माह्यं अनुमोदन हाये जी. लिवा."

दातार वहिनींना एकदम पाण्याची टाकी आठवली. गळते म्हणे! मग सगळेच टाकीवर तुटून पडले. स्वतः काकासुद्धा.

लीलाबाई शांतपणे टाकी संपायची वाट बघत बसल्या. संपली तशी माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"मंग सेक्रेटरीसायेब, आपन साऱ्याईनं कधी निंघाचं?"