आपल्या माणसाची गाडी

मोती डुंगरीच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली एक मेकॅनिक बसायचा. जयपुरात चार वर्षं माझी गाडी त्यानेच सांभाळली, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ब्रेकचं काम निघालं की तो चाक काढायचा, लायनरवरून अंगठा फिरवायचा आणि झिजलेला लायनर मुकाट्याने मालकाच्या तळहातावर ठेवायचा.

पासष्ट साली माझी बदली झाली आणि मी गाडी विकायला काढली. त्याने माझ्या हातात पापडासारखा पातळ झालेला लायनर ठेवला. मी म्हटलं, बदलू नकोस, नुसते ब्रेक कसून दे, विकायचीच आहे.

त्याने हात पुसले. "साहब, लेनेवाले के बाल-बच्चे नहीं हैं क्या?"

दीडदमडीचा मिस्त्री मला शिकवतो! मी दुसरीकडून ब्रेक कसून घेतले. गाडी घेतली टिळकनगरच्या एका मराठी डॉक्टरांनी. हवं तर मेकॅनिकला दाखवा, असं मी साळसूदपणे म्हणालो. ते हसले. "आपल्या माणसाची गाडी, त्यात काय दाखवायचं?"

ते गाडी घेऊन निघाले. मागच्या काचेतून त्यांच्या दोन्ही मुली मला टाटा करत होत्या. मीही हात हलवला.