मनीप्लांट मागून लागत नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पाण्यातल्या झाडाची बाटली आठ दिवस धुतली नाही की काचेला आतून हिरवट थर धरतो. ऑफिसात चार झाडं ठेवली की किस्सेही तसेच धरतात. मी ते हसत सांगतो, म्हणून लोकांना वाटतं माझा राग गेला. गेलेला नाही.

जिल्हा फुटला तेव्हा आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसातलं फाइलींचं एक मोठं रॅक गोंदियाला गेलं आणि त्याच्यामागची खिडकी मोकळी झाली. मातीच्या कुंड्या साहेबांना चालत नव्हत्या, फरशी खराब होते म्हणून. मग मी मनीप्लांट पाण्यात लावले. खिडकीत सात बाटल्या. फांदी कधी कापली, पाणी कधी बदललं, मूळ किती बोटं झालं, सगळं वहीत.

आठवी बाटली डोमाजीची. डोमाजी आमचा शिपाई, करडीहून रोज बसनं यायचा. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं, हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागलं नाही. त्याची बायको सगुणाबाई कमरेचं हाड मोडून वर्षभर खाटेवर होती. जन्मभर धानाच्या बांधीत राबलेली बाई, आता भिंतीकडे पाहत पडून.

"बाबूजी, एक बाटली तिच्या उशाशी ठेवीन म्हणतो," डोमाजी म्हणाला. "रोज काहीतरी वाढताना दिसन तिले."

मी म्हटलं, मुळं धरू दे, मग ने. नंतर म्हटलं, थंडीत वाढत नाही, थांब. मग म्हटलं, दहा-अकरा पानं होऊ दे, उन्हाळ्यात रिटायर होशील तेव्हा ऐटीत घेऊन जा. त्याची बाटली मी खिडकीत नाही, पाण्याच्या माठामागे झरोक्याखाली ठेवली. उशीर केला तो मी. तेही वहीत आहे.

•

निनावे मॅडम आमच्या टायपिस्ट. एके दिवशी रिकामा डबा घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. डब्यात मनीप्लांटचं पान.

मी म्हटलं, मॅडम, मागितलं असतं तर अख्खी फांदी दिली असती.

"मागून लागत नाही न भाऊ. मनीप्लांट चोरूनच न्या लागते, तवाच घरात पैसा येते." आणि वर मलाच म्हणाल्या, "तुमी जरा तिकडे पाहा बरं."

मी पाहिलं तिकडे! तेवढ्यात त्यांनी आणखी एक तोडलं. तेही नुसतं पान. खोडाची गाठ पाण्यात गेल्याशिवाय मूळ फुटत नाही. नुसतं पान महिनाभर हिरवं राहून आशा लावतं आणि शेवटी सडतं.

दीड महिन्यानं मॅडम भर ऑफिसात म्हणाल्या, "भाऊच्या झाडात दमच नाही. मुळ्याच येऊन नाही राहिल्या."

•

हळूहळू कळलं, अख्खं ऑफिसच या कामात आहे. हातात द्यायला गेलो तर कोणी घेत नव्हतं. पाठ वळली की पान गायब.

शेवटी मी कागदावर वेलाचं चित्र काढलं, गाठीवर लाल बाण दाखवला आणि खाली लिहिलं, 'चोरणाऱ्यांस नम्र विनंती. पान ओरबाडू नये. गाठीच्या खाली कापावे.' शेजारी सुतळीनं कात्री बांधून ठेवली.

तिसऱ्या दिवशी कात्री चोरीला गेली.

•

बोरकर आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, शेती दिघोरीला. एका सोमवारी गावाहून पुडी आणली आणि मला न विचारता दोन बाटल्यांत चिमूट नाही, मूठ टाकली. युरिया. तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं काळी पडून हाताला चिकट लागायला लागली. मी बाटली त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

ते वास घेऊन म्हणाले, "आमच्या बांधीत तं हप्त्याभरात हिरवंगार होते. तुमच्या पाण्यातच खोट हाय."

•

उरलेल्या पाच बाटल्या साहेबांनी मारल्या. डेंग्यूचा बोभाटा झाला आणि शुक्रवारी साहेबांचा आदेश निघाला की खिडकीतल्या सर्व बाटल्यांतलं पाणी काढून कोरडा दिवस पाळावा. मी त्या दिवशी रजेवर होतो. बोरकरांनी आदेश तंतोतंत पाळला. भर उन्हाळ्यात, शनिवार-रविवार धरून, पाच वेल कोरड्या बाटल्यांत उभे.

सोमवारी मी विचारलं, पाणी काढलं ते ठीक, परत भरलं का नाही?

बोरकरांनी आदेश काढून दाखवला. "भरा असं कुठी लिवलं हाय?"

मी वहीत पाच ओळी लिहिल्या आणि खिडकीचं पान बंद केलं. आता माठामागची एकच बाटली उरली होती.

•

डोमाजीच्या निरोपाच्या दिवशी त्या वेलाला अकरा पानं होती. सकाळी मोजली होती. शाल झाली, नारळ झाला, डोमाजी म्हणजे ऑफिसचा आधारस्तंभ असं साहेब बोलले. मी बाटली आणायला उठलो.

बाटलीत फक्त काडी होती. आजूबाजूला बाकी काही नव्हतं म्हणून सगळ्यांनी तिथूनच घेतलं होतं. निनावे मॅडम म्हणाल्या, "मी तं एकच घेतलं भाऊ." बोरकर म्हणाले, मीही एकच. ज्याला विचारलं त्यानं एकच घेतलं होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ऑफिसात ओरडलो. ज्या माणसानं तुम्हाला जन्मभर पाणी पाजलं त्याच्या बायकोच्या उशाचं आहे ते, असं म्हणालो, आणखीही बोललो. साहेब म्हणाले, "हेडाऊ, एका पानासाठी कार्यक्रमाचा मूड काहून खराब करून राहिले?" त्यांच्या शर्टाच्या खिशातून देठ दिसत होतं.

डोमाजीनं ती काडी बाटलीसकट पिशवीत घातली आणि बस पकडायला गेला.

•

पंधरा दिवसांनी मी करडीला गेलो. माफी मागायला म्हणा. खाटेशेजारी स्टुलावर बाटली होती. मुळं तळापर्यंत पोचलेली, दोन गाठींवर हिरवी टोकं.

डोमाजी चहा ठेवायला आत गेला, तशी सगुणाबाईनं मला जवळ बोलावलं.

"बाबूजी, यायले बोलजा नका," ती हळूच म्हणाली. "साहेबाच्या खोलीतून हा वेल चोरून आणला म्हणते. जिंदगीभर हापिसातली टाचणी नाही आणली या माणसानं घरी. माह्यासाठी चोरी केली." ती बाटलीकडे पाहत होती. "कोणाले समजलं तं नाही न?"

"नाही," मी म्हटलं. "कोणालेच नाही."